पावसाळ्यात स्विच आपोआप का लागतो?

जून लागला की अपंग खेळाडूंच्या व्हिडिओ गेमसाठी जोडलेल्या स्विचबद्दल माझ्याकडे एकाच जातीच्या तक्रारी येऊ लागतात. बटण न दाबता लागतं. एकदा दाबलं तर दोनदा लागतं. काही वेळा दाबूनही लागत नाही, आणि दुपारी दोन तास ऊन पडलं की सगळं पुन्हा जागेवर. मार्च महिन्यात तोच स्विच, तीच तार, तोच खेळाडू, आणि खेळ झकास चालला होता. गोव्यात समुद्र कुठूनच फार लांब नाही, जुलैत हवेतली आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास असते आणि भिंतींनाही ओल धरते. दोन तारांच्या साध्या स्विचलाही ती धरते. दरवर्षी तेच तेच फोनवर समजावण्यापेक्षा यंदा सगळं नीट लिहून काढतो आहे.

हा प्रकार ज्यांना नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. नेहमीचा गेम कंट्रोलर दोन्ही हातांत धरून दोन्ही अंगठे आणि बोटं वापरता येतील असं गृहीत धरतो. ज्याला ते जमत नाही त्याच्यासाठी आपण एकेक बटण सुटं करतो: एक गुडघ्याशी, एक हनुवटीखाली, एक डोक्यामागे, जिथे हालचाल खात्रीची असेल तिथे. प्रत्येक स्विचची तार ३.५ मिलिमीटरच्या मोनो जॅक पिनेत संपते आणि ती पिन मधल्या पेटीत जाते. ही पेटी विकत मिळते. मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स ॲडॅप्टिव्ह कंट्रोलर २०१८ साली आला, त्याच्या मागच्या बाजूला अशी १९ सॉकेट आहेत. सोनीचा ॲक्सेस कंट्रोलर डिसेंबर २०२३ मध्ये आला, त्याला चार आहेत. किंवा पेटी आपण घरी बनवतो, अर्डुइनो प्रो मायक्रो किंवा रास्पबेरी पाय पिको बोर्ड घालून. हे बोर्ड कॉम्प्युटरला स्वतःची ओळख थेट कीबोर्ड किंवा गेमपॅड म्हणून देऊ शकतात. जुन्या अर्डुइनो उनोच्या (आर३) मुख्य चिपला ते जमत नाही, म्हणून या कामाला तो उनो घेऊ नका.

आधी हात की तार, ते ठरवा

बटण दोनदा लागलं की घरातले लोक पहिलं बोट हाताकडे दाखवतात. "त्याला झटके वाढलेत." "हिचा हात थरथरतो ना, म्हणून." मग कोणीतरी सेटिंगमध्ये जाऊन बटणाचा प्रतिसाद मंद करतो, म्हणजे एकदा दाबल्यावर पुढचा अर्धा सेकंद दुसरं काही मोजलंच जात नाही. तक्रार थांबते, आणि त्याबरोबर खेळाडूचा वेगही जातो. फुटबॉलच्या खेळात अर्धा सेकंद म्हणजे चेंडू दुसऱ्याच्या पायात.

उलट बाजू याहून वाईट. ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी हा स्नायूंची ताकद हळूहळू नेणारा आजार आहे. असा मुलगा बटण दाबतो आणि ते लागत नाही, तेव्हा घरातल्यांना वाटतं की आता हीसुद्धा ताकद गेली. डिचोली तालुक्यातल्या एका घरी वडील मला म्हणाले, "दादा, आता त्याला जमत नाही. तुम्ही उगाच त्रास घेऊ नका, राहू दे." मुलगा शेजारीच बसला होता, ऐकत होता. स्विच मल्टिमीटरला लावला, म्हणजे विजेला किती अडथळा होतो ते ओहममध्ये दाखवणाऱ्या मीटरला. तो दाबलेला असताना कधी दोन-चार ओहम दाखवत होता, कधी कित्येक किलोओहम. आतला पत्रा काळा पडला होता. बोट पूर्वीइतकंच दाबत होतं, वीज पुढे जात नव्हती. म्हणून माझा आग्रह आहे की तारेची खात्री झाल्याशिवाय कोणाच्या शरीराबद्दल निष्कर्ष काढू नका, आणि त्याच्यासमोर तर मुळीच नाही.

हात आणि तार वेगळे ओळखायला वेळेचं मोजमाप पुरतं. स्विचचे धातूचे दोन तुकडे एकमेकांवर आदळले की किंचित उसळतात आणि एका दाबाचे चार दाब होतात. ही उसळी चांगल्या स्विचमध्ये पाच मिलिसेकंदांच्या आत संपते, जुन्या किंवा गंजलेल्या स्विचमध्ये दहा-वीसपर्यंत जाते. माणसाचा हात इतका जलद हलूच शकत नाही. इसेन्शियल ट्रेमर (हात थरथरण्याचा आजार) सेकंदाला साधारण ४ ते १२ वेळा होतो, पार्किन्सनमधला ४ ते ६ वेळा. म्हणजे थरथरीने पडलेल्या दोन दाबांत निदान ८० मिलिसेकंदांचं अंतर असणार, बहुतेक वेळा १५० ते २५०.

यासाठी मी एक तपासपेटी ठेवतो: प्रो मायक्रो, एक सॉकेट, आणि प्रत्येक दाब व प्रत्येक सुटका किती मिलिसेकंदाला झाली ते स्क्रीनवर छापणारा चार ओळींचा प्रोग्रॅम. त्यात कुठलीही गाळणी घालायची नाही, जे येतं ते कच्चं दिसलं पाहिजे. खेळाडूला नेहमीच्या जागी, नेहमीच्या खुर्चीत बसवून पाच-दहा मिनिटं दाबू द्या. अंतरं २० च्या खाली असतील तर दोष स्विचचा. ८० च्या वर असतील तर ते दाब खरे आहेत, हाताचे आहेत, आणि त्यावर उपाय वेगळा: स्विचची जागा, कोन, हाताला आधार. आणि कोणी स्विचला हातही लावलेला नसताना स्क्रीनवर ओळी येत राहिल्या, तर पुढचा भाग तुमच्यासाठीच आहे.

दोष स्विचबरोबर फिरतो का?

मीटर काढण्याआधी अदलाबदल करा. त्रास देणारा स्विच दुसऱ्या सॉकेटमध्ये घाला आणि चांगला स्विच त्याच्या जागी. त्रास स्विचबरोबर गेला तर स्विच, तार किंवा जॅक पिन बघायची. सॉकेटपाशीच राहिला तर पेटी. सगळ्या पिना काढूनही बटण लागतच असेल तर बहुधा पेटीतच ओल किंवा जोडणीची चूक आहे. विंडोजवर गेम कंट्रोलरची चाचणीची खिडकी उघडून ठेवा, कुठलं बटण पेटतंय ते तिथे लगेच कळतं.

याच टप्प्यावर आणखी एक बघा. एक्सबॉक्सवर २०१७ पासून दोन कंट्रोलर एकाच खेळाडूचे म्हणून जोडता येतात. भाऊ किंवा वडील दुसऱ्या पॅडवरून मदत करतात ती याच सोयीने. त्या दुसऱ्या पॅडची जॉयस्टिक झिजून एका बाजूला वाहत असेल तर खेळातला माणूस आपोआप चालू लागतो आणि सगळे स्विचला दोष देतात. तो पॅड बंद करून बघा.

मीटर काय सांगतो

स्विच पेटीपासून पूर्ण सोडवा. मीटर सर्वांत वरच्या ओहम रेंजवर ठेवा. बाजारातल्या स्वस्त पिवळ्या मीटरवर ती २००० के (के म्हणजे किलोओहम) असते. एक टोक जॅक पिनेच्या शेंड्याला, दुसरं बुंध्याला, आणि स्विच न दाबता वाचा. पडद्यावर डावीकडे नुसता "१" राहिला पाहिजे, म्हणजे रेंजच्या पलीकडे. कुठलाही आकडा दिसला तर वीज कुठूनतरी झिरपते आहे. काही शे के दिसले तर अजून खेळ चालेल, पण ते वाढत्या ओलीचं लक्षण आहे. ५० के च्या खाली आलं तर भुतं, म्हणजे कोणीच न दिलेले दाब, दिसायला लागतात. मीटरची टोकं बोटांनी धरू नका, नाहीतर तुमच्याच शरीराचा आकडा वाचाल.

मग खालच्या रेंजवर, स्विच दाबून वाचा. एक-दोन ओहम ठीक. दहा-वीसच्या वर, किंवा आकडा नाचत असेल तर संपर्काचे पत्रे किंवा जॅक खराब आहे. मीटर लावलेला ठेवूनच तार सगळीकडून हलवा, विशेषतः पिनेच्या बुंध्याशी आणि पेटीत शिरते तिथे. तार आतून तुटलेली असेल तर तिथे आकडा उडी मारतो.

ओलीची खात्री करायची एक सोपी युक्ती आहे. केस वाळवायचा ड्रायर कमीत कमी उष्णतेवर धरा, हातभर अंतरावरून, काही मिनिटं. मीटरवरचा आकडा चढत गेला तर प्रश्न ओलीचाच आहे.

मूळ कारण, आणि एक छोटा रेझिस्टर

घरी बनवलेल्या पेट्यांमध्ये हा त्रास जास्त का होतो याचं कारण एका सोयीत आहे. स्विच उघडा असताना बोर्डाची पिन अधांतरी राहू नये म्हणून तिला व्होल्टेजकडे ओढून धरणारा रेझिस्टर लागतो, त्याला पुलअप म्हणतात. चिपमध्ये तो आयता असतो, प्रोग्रॅममध्ये एक शब्द लिहिला की चालू होतो, म्हणून इंटरनेटवरचे जवळजवळ सगळे नकाशे तोच वापरतात. कोरड्या खोलीत त्याने भागतं. पण हा आतला पुलअप फार नाजूक असतो: प्रो मायक्रोच्या चिपमध्ये २० ते ५० के, पिकोच्या चिपमध्ये ५० ते ८० के.

आता हिशेब करू. समजा पुलअप ५० के आहे आणि ओल धरलेल्या स्विचमधून १० के चा चोरटा रस्ता तयार झाला. ५ व्होल्टमधले पिनेवर राहिले ५ गुणिले १० भागिले ६०, म्हणजे ०.८ व्होल्ट. स्विच दाबल्यावर पिन शून्य व्होल्टजवळ येते, म्हणून बोर्डाला हे "दाबलं" असंच वाचता येतं. त्याच जागी बाहेरून ४.७ के चा रेझिस्टर लावला, तर त्याच ओलीत पिनेवर साडेतीन व्होल्टच्या जवळपास राहतात. बोर्ड म्हणतो, दाबलेलं नाही. स्विच तोच, ओल तीच, आणि भूत गायब.

याच रेझिस्टरचा दुसरा फायदा मला जास्त मोलाचा वाटतो. धातूवर हवेने बसलेला पातळ थर तोडायला थोडा तरी प्रवाह लागतो. ५० के मधून वाहतो ०.१ मिलिॲम्पिअर. ४.७ के मधून साधारण १ मिलिॲम्पिअर, दसपट. त्यामुळे दाबूनही न लागण्याची तक्रारही बरीच कमी होते. त्या डिचोलीच्या मुलाच्या पेटीत स्विच बदललाच, पण प्रत्येक सॉकेटमागे हा रेझिस्टरही टाकला.

प्रत्येक इनपुट पिन आणि व्होल्टेज यांच्या मध्ये एक रेझिस्टर, एवढंच काम. पिको असेल तर तो ३.३ व्होल्टच्या पिनेलाच जोडायचा. यूएसबीच्या ५ व्होल्टला जोडलात तर चिप बिघडू शकते. तार लांब असेल आणि विजेवर चालणाऱ्या व्हीलचेअरच्या मोटरजवळून जात असेल, तर इनपुट पिन आणि ग्राउंड यांच्यामध्ये १०४ लिहिलेला एक छोटा कपॅसिटरही लावा. तार दोन पदरी, पिळलेली घ्या.

ॲल्युमिनियमची पन्नी, केळी, पाण्याचा पेला असलं काहीही बटण बनवणारा मेकी मेकी बोर्ड शाळांच्या प्रदर्शनांत लोकप्रिय आहे. त्याचं सगळं कसब २२ मेगाओहमच्या पुलअपमध्ये आहे, म्हणून तो अंगातून वाहणारी अगदी बारीक वीजही ओळखतो. शिकवायला उत्तम. पण जुलैत, ओल्या तारा जोडून, रोजच्या खेळासाठी तो वापरू नका. त्याला ओल आणि बोट यांतला फरक कळणं अवघड आहे.

झिरपतं कुठून

रेझिस्टर लावून लक्षण दबतं, पण गळतीची जागा शोधलीच पाहिजे, नाहीतर ती वाढत जाते. माझ्या अनुभवात पहिला संशयित फ्लक्स. सोल्डर करताना डबीतली पेस्ट लावतो, ती जॉइंटभोवती चिकट पिवळट राहते. काही पेस्टमध्ये आम्लाचा अंश असतो. ती पावसाळ्यात हवेतलं पाणी ओढते, वीज वाहू देते आणि वर तांबं खाते. दोन टर्मिनलांच्या मध्ये हिरवट पूड दिसली तर समजा हीच ती. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश घेऊन जॉइंट घासा, पुसून काढा, पुन्हा घासा. नुसतं ओलं करून सोडलं तर तोच चिकटा पसरून वाळतो. साफ झाल्यावर पूर्ण वाळू द्या, मग जॉइंटवर श्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आवळणारी नळी). बोर्डावर संरक्षक वार्निश मारायचं असेल तर सॉकेट आणि यूएसबीची तोंडं आधी चिकटपट्टीने झाका.

दुसरी जागा म्हणजे लाळ आणि घाम. हनुवटीखालचे, गालाजवळचे, ओठांनी दाबायचे स्विच रोज ओले होतात आणि त्या पाण्यात क्षार असतात. खेळाडूला यात संकोच वाटता कामा नये. हे बनवणाऱ्याने आधीच धरून चालायचं काम आहे. स्विचवर स्वयंपाकघरातली पातळ क्लिंग फिल्म ताणून बसवा आणि दररोज बदला. तार स्विचच्या खालच्या बाजूने बाहेर काढा, म्हणजे ओघळ तारेवरून आत न जाता खाली पडेल. फेस मास्कचं कापड किंवा स्पंज लावू नका, त्याला दोन दिवसांत वास येतो आणि पावसात बुरशी.

तिसरं, मुंग्या. पहिला पाऊस पडला की त्या कोरडी जागा शोधत घरात येतात, आणि मोठ्या आर्केड बटणाच्या पोटात त्यांना ती मिळते. चिरडलेल्या मुंग्या संपर्काच्या पत्र्यांत अडकतात. बटण उघडून झटका, आणि पेटीतली तारेची भोकं सिलिकॉनने बुजवा.

मोठा स्विच म्हणजे चांगला स्विच नव्हे

हार्डवेअरच्या दुकानात "मजबूत" मायक्रोस्विच मागितला की १६ ॲम्पिअर २५० व्होल्ट लिहिलेला देतात. तो मोटर किंवा मिक्सर चालवण्यासाठी आहे. त्याच्या आतले संपर्क चांदीचे असतात, त्यांच्यावर काळा थर चढतो, आणि मोठा प्रवाह प्रत्येक वेळी तो थर जाळून टाकेल या हिशेबाने ते बनवलेले असतात. आपल्या एका मिलिॲम्पिअरने काही जळत नाही. आपल्याला लागतो तो ०.१ ॲम्पिअर लिहिलेला, सोन्याचा मुलामा असलेल्या संपर्कांचा. ओम्रॉनच्या डी२एफ मालिकेत ०१ आकड्याचे स्विच अशा बारीक कामासाठी आहेत. ओलीची जागा असेल तर त्याच कंपनीची डी२एचडब्ल्यू मालिका पूर्ण सीलबंद आहे. दिसायला छोटे, किमतीला जरा जास्त, पण पावसाळा काढतात.

ताकद फार कमी असलेल्या बोटासाठी कीबोर्डचे स्विच छान पडतात. चेरी एमएक्स रेडला ४५ ग्रॅमच्या आसपास जोर लागतो, बहुतेक आर्केड बटणांपेक्षा बराच कमी.

विकतच्या पेटीच्या आत आपल्याला रेझिस्टर बदलता येत नाही, ती उघडूही नये. तिथे मला सर्वांत आवडलेला उपाय रीड स्विचचा. काचेच्या नळीत दोन पातळ पट्ट्या, नळी दोन्ही टोकांना बंद, आत हवा शिरायला जागाच नाही. बटणाच्या हलत्या भागाला छोटं चुंबक चिकटवायचं, ते जवळ आलं की पट्ट्या जुळतात. समुद्राकाठच्या घरात, ओठांजवळ, कुठेही चालतं. काळजी दोनच: तारेचं टोक वाकवताना काचेच्या बाजूला पकड धरा, नाहीतर नळी तडकते, आणि स्पीकरजवळ बसवू नका, त्याच्या चुंबकाने स्विच लागलेलाच राहील.

जॅक पिनेचे प्रकार

तार जोडण्यासाठी जुन्या इयरफोनची पिन कापून वापरायची सवय सगळ्यांना आहे. ती सोडा. त्यात तीन किंवा चार पट्ट्या असतात आणि कुठली तार कुठल्या पट्टीला आहे ते रंगावरून खात्रीने कळत नाही. शेंडा आणि मधली पट्टी अशी जोडणी झाली तर स्विच एका पेटीत चालतो, दुसरीत नाही. शिवाय इयरफोनच्या तारांवर लाखेचा थर असतो, तो जाळल्याशिवाय सोल्डर धरत नाही. वरून जॉइंट झाल्यासारखा दिसतो, चार दिवसांनी सुटतो. दोन भागांची मोनो पिन, धातूच्या टोपणाची, आणि लवचीक दोन पदरी तार घ्या. पिन काळवंडली असेल तर खोडरबराने पुसा. पॉलिश पेपर लावला तर मुलामाच निघून जातो.

घरच्या पेटीत पिन काढली की बटण कायमचं लागून राहत असेल, तर सॉकेटचं तिसरं टर्मिनल तपासा. काही सॉकेटमध्ये पिन आत नसताना शेंड्याच्या पत्र्याला चिकटणारा एक जादा पत्रा असतो. ग्राउंडची तार चुकून त्याला जोडलेली असते. तार हलवली की काम झालं. गंजलेलं सॉकेट मात्र साफ करत बसू नका, बदला.

मेमध्ये करायची कामं

घरोघर पुरुमेंत (पावसाळ्याची बेगमी) भरलं जातं त्याच दिवसांत स्विचही उघडा. मीटरवर प्रत्येकाचे दोन आकडे घ्या, उघडा आणि दाबलेला, आणि स्विचच्या तळाला चिकटपट्टीवर लिहा. जुलैत फोन आला तर मागचा आकडा विचारता येतो आणि अर्धं निदान घरबसल्या होतं. खेळ झाल्यावर सगळं घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, आत सिलिका जेलची पुडी. रंग बदलणारं नारिंगी जेल घेतलं तर कधी भरलं ते कळतं, आणि ओव्हनमध्ये १२० अंशांच्या आसपास तापवून ते परत वापरता येतं. डबा खिडकीखाली किंवा बाहेरच्या भिंतीलगत ठेवू नका. सर्वांत जास्त वापरातल्या स्विचचा एक जोड तयार ठेवा. जो एकाच स्विचवर खेळतो त्याचा स्विच दुरुस्तीला नेला तर त्याचा खेळ पूर्ण बंद पडतो, म्हणून जोड दिल्याशिवाय मी स्विच घरातून उचलत नाही.

२०२३ च्या जानेवारीत पणजीत पहिला पर्पल फेस्ट, म्हणजे अपंगांचा महोत्सव, झाला. तेव्हापासून गोव्यात अपंगांच्या करमणुकीबद्दल, खेळाबद्दल उघडपणे बोललं जाऊ लागलंय याचा मला मनापासून आनंद आहे. पण जानेवारीतल्या कोरड्या हवेत सगळंच चालतं. वस्तू घरी पोचल्यावर पहिल्या पावसाळ्यात तिच्याकडे बघायला कोणीतरी असलं पाहिजे. म्हणून डिचोली, फोंडा, सांगे, कुठेही असाल, सोल्डरिंग येत असेल, तर जवळच्या एखाद्या घराची जबाबदारी घ्या. कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या मुलांना हे काम सहज जमण्यासारखं आहे.

दुरुस्ती झाल्यावर एक काम हमखास राहून जातं. त्रास सुरू असताना कोणीतरी प्रतिसाद मंद केलेला असतो: पेटीच्या प्रोग्रॅममध्ये, विंडोजच्या फिल्टर कीजमध्ये, किंवा खेळाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये. तिन्ही ठिकाणी जाऊन बघा. उसळी गाळायला १० ते २० मिलिसेकंद पुरतात. त्याहून जास्त विलंब ठेवायचा तो हाताच्या थरथरीसाठी, तपासपेटीत दिसलेल्या अंतरांवरून, आणि खेळाडूला विचारून. कमी करत जा, दर टप्प्याला त्याला एक सामना खेळू द्या, आणि कुठे थांबायचं ते त्याला सांगू द्या. ठरलेला आकडा तारखेसह पेटीच्या तळाला लिहा, म्हणजे पुढच्या जूनमध्ये दुसरा कोणी दुरुस्तीला आला तरी त्याला तिथून सुरुवात करता येईल.